खिडकीपाशी विणायला बांबूची गोल सुई

या हिवाळ्यात माझ्या हातात रोज एकच सुई होती. बांबूची गोल सुई, म्हणजे दोन आखूड टोकं आणि त्यांना जोडणारी लवचीक नायलॉनची तार. ४ मिमी जाडीची, तार धरून ८० सेंमी लांब. खेड्यातला हिवाळा सौम्य असला की पहाटे शाल घ्यावी लागते आणि ऊन जरा वर आलं की खिडकी सताड उघडता येते. माझं विणकाम आणि पाखरं बघणं एकाच खुर्चीतून चालतं, म्हणून सुईची पारखही मी त्याच हिशेबाने करते. नजर बाहेर ठेवून विणता येतं का? आणि मध्येच सगळं सोडून दुर्बीण उचलली तर टाके जागेवर राहतात का?

दुसऱ्या गोष्टीत ही सुई फार गुणाची आहे. धातूच्या गुळगुळीत सुईवरून टाके सरकतात. हात काढला की टोकाकडचे दोन-तीन सुटलेच म्हणून समजा. बांबू लोकर किंचित धरून ठेवतो. एका सकाळी कुंपणाच्या खुंटावर थिरथिरा येऊन बसला. तांबूस शेपटी सारखी थरथरत होती, मान तिरकी, नजर खाली गवतात. झपकन उतरला, चोचीत अळी घेऊन परत त्याच खुंटावर. मी अर्ध्या ओळीत सुई मांडीवर टाकून दुर्बीण लावली होती. तो उडून गेल्यावर परत हातात घेतली तर एकही टाका हललेला नव्हता.

गोल सुईने गोलच विणायला हवं असं नाही. ओळ संपली की काम उलटायचं आणि साध्या दोन सुयांसारखं परत यायचं. फायदा असा की शाल अर्धी झाल्यावर तिचं वजन मनगटांवर येत नाही, तारेवर उतरून मांडीत बसतं. लांब सरळ सुयांची टोकं खुर्चीच्या हातांना अडतात, तेही टळतं. बांबू हलका आहे, त्याचा खटखट आवाज होत नाही आणि पहाटे धरला तर धातूसारखा गार लागत नाही. माझे अंगठे थंडीत आखडतात, त्यामुळे ही शेवटची गोष्ट मला फार मोलाची वाटते.

बाहेर बघत विणायचं तर वीणही तशी हवी. मी सगळ्या ओळी सुलट घेते. बोटांना टाका आपोआप सापडतो. मध्यम जाडीची लोकर या सुईला नेमकी बसते. साध्या विणीत १० सेंमीला साधारण २२ टाके येतात, पण हात घट्ट की सैल त्यावर हे बदलतं, तेव्हा आधी छोटा तुकडा विणून, धुऊन, वाळवून मगच टाके मोजा. सौम्य थंडीला याहून जाड लोकर नको. लोकर हवेतला ओलावा बराच शोषते आणि तरी ओली लागत नाही, म्हणून दव पडलेल्या सकाळी अशी शाल घेऊन अंगणात उभं राहिलं तरी ऊब टिकते.

आता खोट. बांबू आणि तार जिथे जोडलेली आहेत तिथे बारीकशी कड आहे. प्रत्येक ओळीत टाके तिथे अडतात आणि अंगठ्याने पुढे ढकलावे लागतात. पीळ सैल असलेली लोकर तर तिथे फाटून तिचे धागे सुटे होतात. इतक्या चांगल्या सुईला हे शोभत नाही. विकत घेताना त्या सांध्यावरून नख फिरवून बघा. नख अडलं तर ती सुई घेऊ नका, दुसरी मागा. पाकिटात गुंडाळून ठेवल्यामुळे तारेला पडलेले वळसेही पहिल्यांदा त्रास देतात. फक्त तार अर्धा मिनिट गरम पाण्यात धरून सरळ ताणली की ते जातात. बांबू मात्र पाण्याबाहेर ठेवायचा. टोक खरखरीत झालं तर अगदी बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवावा.

बारीक धाग्याची जाळीदार वीण किंवा भराभर संपवायचं मोठं काम असेल, तर टोकदार धातूची सुईच घ्या. तिथे बांबूची पकड आड येते आणि डोळेही सुईवरच ठेवावे लागतात. साधी शाल, मफलर, लहान मुलांचं पांघरूण एवढंच करायचं आणि समोर धोबी पक्षी शेपटी हलवत फिरत असताना ते चुकवायचं नसेल, तर मी हीच सुई सुचवेन, सांधा तपासून.