फेंडर रोलिंग केलेली पोलो: उन्हाळा, पावसाळा आणि गणपतीची कोकणवारी झाल्यावर

फेंडर रोलिंग म्हणजे मडगार्डच्या कमानीची, म्हणजे चाकावरच्या गोल भागाची, आतली पत्र्याची कड दुमडून टायरला जागा करणं. ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी आधीच सांगतो. टायर घासायचा थांबला. पुढच्या मडगार्डांना काहीही झालेलं नाही. मागच्या कडांवर मात्र लक्ष ठेवावं लागतंय. रोलिंग पुन्हा करावं लागलं तर करेन. पुलिंग, म्हणजे कमानच बाहेर फुगवणं, नाही करणार. त्याची गरजच पडणार नाही अशी चाकं घेईन.

आता गाडीचा हिशोब. चाकणची पोलो, मूळ टायर १८५/६० आर१५, मूळ चाक ६ इंच रुंद, ऑफसेट (चाकाच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती मिमी बाहेर ते; आकडा कमी तितकं चाक बाहेर) ४०. त्याजागी ७ इंची अलॉय, ऑफसेट ३५, त्यावर १९५/५५ आर१५, आणि गाडी ३५ मिलिमीटरने बसवणाऱ्या स्प्रिंगा. चाकाची रुंदी एक इंच वाढली की १२.७ मिमी बाहेर जाते आणि तेवढीच आत. ऑफसेट पाचने कमी, म्हणजे आणखी ५ मिमी बाहेर. चाकाची बाहेरची कड जवळजवळ १८ मिमी सरकली आणि वरून पत्रा ३५ मिमी खाली आला. टायरचा व्यास साडेसात मिलिमीटरने घटला खरा, पण वरच्या बाजूला त्यातली निम्मीच जागा मिळते. एवढ्याने काय होणार?

एकट्याने चालवताना काही कळत नव्हतं. मागे तिघं बसले, डिकी भरली आणि कात्रजच्या घाटात वळण आलं की मागून ‘खर्र’. टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी जिथे बाजूला वळते तिथे, गोल रेघ पडायला लागली होती. स्पीडब्रेकरवर तर मागे बसलेले लोक माझ्याकडे बघायचे.

गॅरेजला जाण्याआधी एक चाचणी प्रत्येकाने करावी. या गाडीत मागची स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात, त्यामुळे स्प्रिंग काढणं सोपं आहे. ती काढायची, चाक लावायचं, गाडी नीट स्टँडवर ठेवून जॅकने फक्त चाक वर उचलत बंप स्टॉपपर्यंत (चाकाला आणखी वर जाण्यापासून अडवणारा ठोकळा) न्यायचं. टायरच्या खांद्याला खडू लावून ठेवला तर पत्र्याला नेमकं कुठे लागतंय ते दिसतं. नंतर एकच बाजू उचलायची, कारण मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा, पिळला जाणारा आडवा दांडा) आहे आणि एक चाक खड्ड्यात गेलं की टायर तिरका होतो. माझ्याकडे खडू दोन जागी उमटला: कमानीच्या माथ्यावरच्या आतल्या कडेला, आणि मागचा बंपर कमानीला जिथे स्क्रूने जोडलेला असतो तिथे. ही दुसरी जागा बरेच जण विसरतात. पत्रा दुमडला आणि स्क्रू तसाच राहिला, तर टायर घासणं परवडलं म्हणायची वेळ येते.

रोलिंगचं काम तसं साधं. कमानीच्या आत पत्र्याची साधारण १० ते १२ मिलिमीटरची आडवी पट्टी असते, ती वर दुमडून आतून सपाट बसवायची. त्यासाठीचं यंत्र चाकाच्या जागी हबला बोल्टने लागतं. त्याला एक हात असतो, हाताच्या टोकाला पॉलियुरेथेनचा रोलर. हात लांब-आखूड होतो, कोन बदलतो, स्क्रूने दाब वाढतो. पोलोला हबवर स्टड नसतात, बोल्ट असतात, ५x१०० च्या मापात, म्हणजे १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर पाच. यंत्र त्या मापाला बसतंय ना, हे फोनवरच विचारा. बॅट किंवा पाइप टायर आणि पत्र्यामध्ये घालून गाडी पुढेमागे ढकलणारेही आहेत. फुकटात होतं, पण कमान लाटा लाटांची होते. माझ्या गाडीजवळ बॅट येऊ दिली नाही.

आमच्या डेंटरमामांनी पहिल्याच दिवशी गाडी पुन्हा रंगवलेली आहे का ते बोटाने टकटक करून पाहिलं. लांबी (खड्डे भरायची पुटी) भरलेल्या मडगार्डवर रोलिंग करूच नये. पत्रा वाकतो, लांबी वाकत नाही, ती तडकते. “साहेब, पत्रा ऐकतो हो. रंगाचं मी काही सांगत नाही,” असं ते म्हणाले आणि मला तो माणूस तिथेच पटला. सगळी हमी देणाऱ्यापेक्षा हा बरा.

काम जानेवारीत सकाळी झालं, पत्रा गार होता, त्यामुळे हीट गनवरच जास्त वेळ गेला. रंग साधारण ६० अंशांपर्यंत, म्हणजे हात ठेववणार नाही इतका तापवायचा, आणि गन एका जागी थांबवायची नाही. मग रोलर पुढेमागे फिरवायचा, स्क्रू थोडा आवळायचा, पुन्हा तापवायचं, पुन्हा फिरवायचा. आधी तिरपा, मग सपाट. करंजीला मुरड घालतात तसं थोडंथोडं पुढे जात, घाई न करता. पुढची मडगार्डं अशीच झाली. तिथे पत्रा एकेरी असतो, मडगार्ड बोल्टवर असतं, बिघडलंच तर बदलता येतं. आतलं प्लास्टिकचं लायनर कडेला धरून ठेवणारे स्क्रू काढावे लागले आणि लायनर थोडं कापावं लागलं. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर ते पुढून थोडं घासतं, आजही. त्याचा रोलिंगशी संबंध नाही, त्यामुळे ‘रोल करून घे म्हणजे सगळे आवाज जातील’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

मागचं प्रकरण वेगळं आहे. तिथे बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा कडेला एकत्र वेल्ड केलेले असतात आणि सांध्यावर सीलंट असतं. दुहेरी पत्रा असल्यामुळे जोर जास्त लागतो, आणि दुमडताना सीलंट फुटतंच. आतून पाहिलं तर बारीक भेगा स्वच्छ दिसत होत्या. मामांनी घासून झिंक प्रायमर मारला, वर पीयू सीलंट, मग रंग, मग अंडरबॉडी कोटिंग. बऱ्याच ठिकाणी या पायऱ्या ‘हवं असेल तर’ म्हणून वेगळ्या सांगतात. मागच्या चाकांना त्या ऐच्छिक नाहीतच. रोलिंगचे पैसे घासाघीस करून कमी करा, सीलिंगचे करू नका.

मागच्या दोन्ही कमानी रोल करूनही भरल्या गाडीत किंचित लागत होतं, म्हणून पाचेक मिलिमीटर पुलिंग केलं. तोच रोलर, पण दाब बाहेरच्या दिशेने, म्हणजे कमानच फुगवायची. दिवसा काही दिसत नाही. रात्री पेट्रोल पंपाच्या छताखाली गाडी उभी केली की डाव्या कमानीवर दिव्याची रेघ सरळ न जाता नागमोडी जाते. एकदा दिसली की दर वेळी दिसते. रोलिंगचं काम आत लपतं. पुलिंग मात्र सगळ्यांना दिसणाऱ्या पत्र्यावर होतं. ऑफसेट ४० चं चाक घेतलं असतं तर हे पाच मिलिमीटर तिथेच मिळाले असते.

उन्हाळ्यात काहीच नाही. चारही कमानींच्या रंगाला बाहेरून एकही तडा नाही. पावसाळ्यात दर धुण्याच्या वेळी आतून बोट फिरवत राहिलो, चिखल साचू दिला नाही. तरी डाव्या मागच्या कडेला, बंपरच्या सांध्याजवळ, तांबूस रेघ आलीच. सीलंट तिथे पातळ बसलं होतं. गणपतीला चौघं आणि सामान घेऊन कोकणात गेलो, घाट आणि महामार्गाचे खड्डे दोन्ही झाले. टायर कुठे लागला नाही, खांद्यावर नवी रेघ नाही. त्या बाबतीत पैसे वसूल.

कायद्याचंही विचारलं जातं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतले तपशील मूळ बनावटीपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. दुमडलेली कड कोणी वाकून बघणार नाही, पण बसलेली गाडी आणि बाहेर डोकावणारा टायर रस्त्यावरून दिसतो. टायर कमानीच्या बाहेर जाऊ देऊ नका. आणि शोसाठी बंप स्टॉप कापणाऱ्यांना हात जोडून विनंती: कापू नका. टायर किती वर येणार हे तेच ठरवतात. ते कापले की केलेलं रोलिंग वाया.

तांबूस रेघेची जागा दिवाळीनंतर घासून उघडी करायची आहे. मामा म्हणाले, आतला पत्रा शाबूत असेल तर एका दुपारचं काम आहे. गंज दोन पत्र्यांच्या मध्ये उतरला असेल तर तिथला टाका उकलावा लागेल, आणि मग त्याचा वेगळा खर्च.