जंक्शन बॉक्स: फ्लेमप्रूफ घ्यावा की इन्क्रीज्ड सेफ्टी?

टोल्युइन, हेक्झेन, ॲसिटोन अशी पेट घेणारी सॉल्व्हंट हाताळणाऱ्या प्लांटमध्ये झोन १ साठी, म्हणजे नेहमीच्या कामातही अधूनमधून स्फोटक वाफ असू शकते अशा जागेसाठी, एक्स डी (फ्लेमप्रूफ) आणि एक्स ई (इन्क्रीज्ड सेफ्टी) दोन्ही जंक्शन बॉक्स, म्हणजे केबल जोडायच्या पेट्या, चालतात. कागदावर वाद घालण्यासारखं फारसं काही नाही. फरक कळतो तो ऐन जुलैत, बॉक्स उघडायची वेळ आल्यावर.

लोटे, महाड, तारापूर या पट्ट्यात पाऊस चार महिने, शिवाय हवेत आम्लाची वाफ. ॲल्युमिनियमच्या फ्लेमप्रूफ बॉक्सच्या झाकणाला आठ-बारा ॲलन बोल्ट असतात. बोल्ट स्टेनलेसचे, आटे ॲल्युमिनियमचे; दोन धातूंमध्ये ओल राहिली की आट्यांत पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट जाम होतो. अशा बोल्टवर जोर लावला की चावी जागच्या जागी फिरते, डोक्याची खाच गोल होते. मग फिटर शेवटचा उपाय करतो: झाकणाच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटतो.

बॉक्स तिथेच बाद झाला. ती फट म्हणजे नुसतं झाकण टेकण्याची जागा नाही, तो फ्लेम पाथ आहे. आत स्फोट झालाच तर बाहेर पडणारा वायू त्या अरुंद, गुळगुळीत वाटेने निवत यावा, एवढ्यासाठी ती घासून काढलेली असते. तिच्यावर आडवा ओरखडा उठला की ज्वाळेला आयती पन्हळ मिळाली. पॉलिश पेपर मारणं, रंग लावणं, सीलंट भरणं, घरचं गॅस्केट कापून बसवणं यांतलं काहीही चालत नाही. न सुकणाऱ्या ग्रीसचा पातळ हात चालतो. जवळ पेलिस्टर प्रकारचा गॅस डिटेक्टर असेल तर सिलिकॉन ग्रीस मात्र टाळा, त्याने सेन्सर मरतो.

बंद करतानाही तीच रड. बारापैकी अकरा बोल्ट लावलेला बॉक्स फ्लेमप्रूफ राहत नाही. बारावा बाजारातून आणला तर त्याची ताकद मूळ बोल्टइतकीच हवी. फ्लँजसमोर, म्हणजे झाकणाच्या त्या फटीसमोर, पाइप किंवा केबल ट्रे येणार असेल तर गॅस ग्रुप (वायू किती धोकादायक, त्याचा वर्ग) आयआयएला १० मिमी, आयआयबीला ३० मिमी आणि आयआयसीला ४० मिमी मोकळी जागा ठेवावी लागते. बॉक्स बसवताना ती असते, पुढे कोणीतरी ट्रे टाकतं आणि ती जाते. यातलं बरंचसं बाहेरून पाहून कळत नाही. माझी मुख्य तक्रार तीच आहे.

एक्स ई च्या जीआरपी (काचतंतू घातलेल्या प्लास्टिकच्या) बॉक्सला बहुधा चारच स्क्रू, तेही झाकणातच अडकलेले, आणि आत रबरी सील. सील खराब झालं तर पाणी शिरतं. तेही वाईटच, पण उघडल्यावर दिसतं आणि सील बदलता येतं. इथे सगळा जीव टर्मिनलमध्ये. ठिणगी पडूच नये यावर सगळी भिस्त असल्याने ढिलाई चालत नाही: उत्पादकाने दिलेल्या टॉर्कनेच कसा, तारेचं इन्सुलेशन टर्मिनलच्या तोंडापर्यंत न्या, परवानगी नसेल तर एका तोंडात दोन तारा कोंबू नका. रिकाम्या टर्मिनलचे स्क्रूसुद्धा आवळून ठेवा. ब्रासचा ग्लँड (केबल आत घेताना पकडणारा भाग) वापरत असाल तर त्याची अर्थिंग अर्थ प्लेटमधून झाली आहे का, तेही बघा. प्लास्टिकच्या भिंतीतून ती आपोआप होत नाही.

उणिवा आहेतच. जागा दिसली म्हणून आत एमसीबी किंवा रिले बसवायचा मोह होतो, तो इथे साफ चुकीचा. टर्मिनल किती, किती चौरस मिमीची आणि किती अँपिअरची, याचा तक्ता प्रमाणपत्रासोबत असतो. त्यापलीकडे गेलात तर उष्णता टी-क्लास (बॉक्सच्या कमाल तापमानाची ठरलेली मर्यादा) ओलांडू शकते. ॲल्युमिनियम केबल असेल तर आधी विचारून घ्या, बरीचशी टर्मिनलं तांब्यासाठीच असतात. फोर्कलिफ्टच्या वाटेवर जीआरपी नको, तिथे स्टेनलेस स्टीलचा (एसएस ३१६) एक्स ई बॉक्स बघा. किमतीत एक्स डी बऱ्याचदा स्वस्त पडतो, स्थानिक बाजारात लगेच मिळतो, आणि जुन्या फिटरचा हात त्यावर बसलेला असतो.

वर्षातून एकदाही न उघडणारा, छताखालचा बॉक्स असेल तर एक्स डी ला नावं ठेवायचं कारण नाही. पुश बटण स्टेशन किंवा आयसोलेटर असेल तर ठिणगी पाडणारा भाग फ्लेमप्रूफच लागतो. पण नुसती जोडणी आणि वरचेवर उघडझाप असेल तर माझं मत एक्स ई च्या बाजूने पडतं.

ऑर्डरमध्ये गॅस ग्रुप, टी-क्लास, एंट्री (केबलचं छिद्र) खालून आणि न वापरलेल्या एंट्रीसाठी प्रमाणित प्लग, एवढं स्पष्ट लिहा. एंट्री नंतर साइटवर पाडायची वेळ आली तर एक्स डी ला ड्रिल लावायचंच नाही. एक्स ई ला लावायचं तेही उत्पादकाने आखून दिलेल्या मर्यादेत. सोबत पेसोच्या (पेट्रोलियम व स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) मंजुरीची प्रत मागा. आणि जीआरपीचं झाकण पुसताना फडकं ओलं घ्या, कोरड्याने घासलं की स्थिर वीज साठते.