चर्चसाठी क्यूआर कोड: कोड उत्तम, साउंडबॉक्स नको

क्यूआर कोडवर पैसे जमा झाले की रक्कम मोठ्याने सांगणारा साउंडबॉक्स परत करून त्याची पोच घेतली, तरी चर्चच्या खात्यातून दरमहा भाडे कापले जाणे थांबलेले नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. रक्कम शंभर-सव्वाशेच्या घरातली आहे. परंतु जालना जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा मंडळीत ती कोणाच्या तरी खुरपणीच्या मजुरीतून आलेली असते, त्यामुळे खजिनदार म्हणून मला ती सोडून देता येत नाही.

कोड मिळण्यास अडचण आली नाही. विश्वस्त संस्थेचे नोंदणीपत्र, पॅन, कमिटीचा ठराव आणि सह्या करणाऱ्यांची कागदपत्रे दिली की काम होते. कोणाच्या खासगी नंबरवर मात्र दान घेऊ नये. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर जानेवारी २०२० पासून व्यापारी शुल्क नसल्यामुळे दिलेला रुपया पूर्ण जमा होतो. कार्डासाठी पेमेंट गेटवे घेतला असता, तर दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून हजारामागे २३ रुपये ६० पैसे गेले असते, म्हणून तो घेतलाच नाही.

खरा प्रश्न साउंडबॉक्सचा आहे. तो दुकानासाठी बनवलेला आहे, उपासनेसाठी नाही. एका रविवारी अर्पणाचे गीत संपून पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली होती, सर्वांचे डोळे मिटलेले होते, आणि वेदीशेजारून खणखणीत आवाज आला, ‘वीस रुपये प्राप्त झाले.’ पाठोपाठ ‘दोन हजार रुपये’. मागच्या बाकावरच्या ज्या मावशींनी वीस रुपये पाठवले होते, त्यांनी त्यानंतर कोड वापरला नाही. उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये असे मत्तयाच्या सहाव्या अध्यायात सांगितले असताना, आपण दानाची रक्कम कर्ण्यावरून जाहीर करणे मला मुळीच मान्य नाही. आवाज कमी करून पाहिला, परंतु पहिल्या रांगेला तो ऐकू येतच होता.

हंगामाच्या सणाला मात्र माझे मत काहीसे बदलले. बाजरी, तूर, कोंबड्या, भोपळे यांचा लिलाव उघड्यावरच होतो, बोली सर्वांनी ऐकलेलीच असते, आणि पैसे आले की नाही हा वाद साउंडबॉक्समुळे जागीच मिटला. त्या दिवसापुरती वस्तू चांगली आहे. पण एका दिवसासाठी वर्षभराचे भाडे परवडत नाही, खजिनदाराच्या फोनवर येणारा बँकेचा संदेश पुरतो.

पुण्याला कामासाठी गेलेली आमची मुले आता महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, पाठवतात, हा सर्वांत मोठा आनंद आहे. त्यांच्या शेऱ्याच्या रकान्यात काहीच नसल्यामुळे दशमांश कोणता, उपकारस्तुतीचे दान कोणते आणि बांधकाम निधी कोणता हे पासबुकावरून कळत नसे. बांधकामासाठी वेगळा कोड घेतल्यावर हिशेब बराच सोपा झाला. प्राप्तिकरातल्या सवलतीसाठी ८०जीची पावती मागणाऱ्यांना आधीच सांगावे, की केवळ धार्मिक कार्य करणाऱ्या संस्थेच्या दानाला ती सवलत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकांना हा कोड पाठवू नये. ते दान परदेशी देणगी ठरते, त्यासाठी परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी लागते आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच घ्यावी लागते.

भाड्याबाबत ग्राहक सेवेचे उत्तर दर वेळी ‘विनंती पुढे पाठवली आहे’ एवढेच असते. आता परतीची पोच आणि पासबुकातल्या कपातीच्या नोंदी जोडून लेखी तक्रार दिली आहे, आणि परतावा मिळेपर्यंत ही रक्कम मंडळीच्या हिशेबात येणे म्हणून दाखवण्याचा ठराव कमिटीने केला आहे.