पाळीबदल सुधारायचाय: परिपत्रक काढायचं की वॉर्डाला सोबत घ्यायचं?

समजा, सोलापुरातल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयाने ठरवलं की पाळी बदलताना रुग्णाची माहिती टेबलावर नव्हे, खाटेजवळ द्यायची.

परिपत्रक एका दिवसात निघतं, सगळ्या वॉर्डांत लागतं. रजिस्टरही भरतं, पण नीट बघा, तिन्ही पाळ्यांच्या नोंदी एकाच पेनाने, एका बैठकीत केलेल्या. जाणाऱ्या सिस्टरची शेवटची बस कुणी विचारातच घेतलेली नसते. आग किंवा साथीच्या वेळी मात्र आदेशच हवा, तिथे चर्चा कसली!

सहभागाची सुरुवात एकाच वॉर्डापासून करा. इन्चार्ज सिस्टर, निवासी डॉक्टर, वॉर्डबॉय, मावशी एकत्र बसवा. सलाइन, कॅथेटर, ॲलर्जी, राहिलेला डोस: चार रकान्यांचा कागद त्यांनीच आखायचा, दोन आठवडे वापरून खाडाखोड करायची, मग दुसरा वॉर्ड. कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या आजीचं दुखणं आधी मावशीला कळतं, हे अशा बैठकीतच पुढे येतं. कागद आधीच छापून आणून ‘मतं सांगा’ म्हटलं, की सगळं फसतं. ड्यूटी-चार्टमध्ये दोन पाळ्या 15 मिनिटं एकमेकींवर आणाव्याच लागतात; तो अधिकार मात्र वरच्यांचाच.

रुग्णालय सहकारी असलं म्हणून असा सहभाग आपोआप होत नाही. सहकार कायद्यात एक सभासद, एक मत. मावशी सभासद असतेच असं नाही.