जर्मनीतलं बाटल्या खाणारं मशीन: चार वर्षं वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच देऊन टाकते, पाचपैकी चार. एक स्टार कापलाय तो का ते खाली येईलच.

तर आमच्या घराजवळच्या सुपरमार्केटमध्ये आत शिरल्या शिरल्या डाव्या हाताला भिंतीत एक गोल भोक आहे. त्यात रिकामी बाटली आडवी ठेवायची, मशीन ती गोल गोल फिरवून बारकोड आणि बाटली-बाणाचं छोटं चिन्ह वाचतं, आत ओढून घेतं आणि मागून कर्रकन चिरडल्याचा आवाज येतो. सगळ्या टाकून झाल्या की हिरवं बटण दाबायचं, एक चिठ्ठी येते, ती काउंटरवर दिली की तेवढे पैसे बिलातून वजा, नाहीतर सरळ रोख हातात. ह्याला इथे फांड म्हणतात, म्हणजे अनामत. पाणी, कोक, बिअरचा कॅन काहीही घ्या, किमतीवर २५ सेंट वेगळे लागतात आणि रिकामं परत केलं की मिळतात. २००३ पासून चालू आहे. ज्यूस बरीच वर्षं सुटला होता, तो २०२२ ला आत आला, प्लास्टिकमधलं दूध २०२४ ला.

माझा पहिला अनुभव मात्र फुल पोपट. नवीन आलो होतो, घर एवढंसं, बाटल्या साठल्या १८. आता आपल्याकडे पाण्याच्या बाटलीवर छापलेलंच असतं की वापरून झाल्यावर चिरडा, त्या संस्कारात वाढलेली मी, सगळ्या पायाखाली घेऊन चपट्या केल्या, छान एका पिशवीत बसवल्या आणि ऐटीत गेले. मशीनने एकेक करून अठराच्या अठरा बाहेर थुंकल्या. मागे लाईन वाढत चाललेली, एक आजोबा अगदी शांतपणे काहीतरी समजावतायत, मला त्यातलं ओ की ठो कळेना. सगळ्या परत घरी आणून पिवळ्या पिशवीत कचऱ्यात टाकल्या. साडेचार युरो, म्हणजे चारशेच्या वर रुपये गेले. (नंतर कळलं की बारकोड नि चिन्ह वाचता येत असेल तर चपटी बाटली दुकानातल्या माणसाने हाताने घ्यायला पाहिजे. पण तेव्हा भांडायला भाषा कुठे होती!) त्यामुळे नवीन येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, बाटली चिरडायची नाही, लेबल सोलायचं नाही, चिरडायचं काम मशीनचं.

मला आवडतं ते हे की ह्यात कुणाच्या चांगुलपणावर काही अवलंबून नाही. मी काही फार पर्यावरणवाली नाही, आळशी आहे, पण २५ सेंट गुणिले २० म्हणजे ५ युरो झाले की पाय आपोआप वळतात. आणि वेगळं कुठे जायचं नाही, शनिवारी भाजी आणायला जातोच तिथेच द्यायच्या. एका दुकानात घेतलेली बाटली दुसऱ्या दुकानात पण चालते, दुकान २०० चौरस मीटरपेक्षा मोठं असलं आणि त्याच मटेरियलच्या बाटल्या तिथे विकत असले की नाही म्हणता येत नाही. छोटं दुकान असेल तर ते स्वतः विकतात तेवढेच ब्रँड घेतात.

मागच्या उन्हाळ्यात आई आली होती सांगलीहून तीन महिने. तिला आम्ही कुठले कुठले किल्ले दाखवले पण तिचा जीव ह्या मशीनवर. पहिल्यांदा चिठ्ठी आली तेव्हा म्हणाली, "कचऱ्याचे एवढे पैसे देतात?" म्हटलं, "अगं आई, आपलेच आहेत ते, आधी भरलेले." तर म्हणे मग त्यात काय कौतुक, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून भंगारवाल्याला देते तेव्हा ते वरचे पैसे असतात! खरंय तिचं. २०१८ ला महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली तेव्हा दुधाच्या पिशवीमागे ५० पैसे परत द्यायचं ठरलं होतं, आईच्या हातात त्यातला एक रुपया कधी पडला नाही. तरी रोज बाटल्या मोजून ठेवायची, पार्कात कुणी टाकलेली दिसली की उचलायची. मग एकदा स्टेशनजवळ एक म्हातारे गृहस्थ, चांगला कोट-बिट घातलेला, टॉर्च लावून कचऱ्याच्या डब्यात वाकून बाटल्या शोधताना दिसले. आई थांबली, तिच्या पिशवीत सकाळपासून गोळा केलेल्या तीन होत्या, त्या डब्याच्या बाजूला उभ्या करून ठेवल्या आणि काही न बोलता चालायला लागली. गंमत म्हणजे इथले लोकही तेच करतात, बाटली डब्यात न टाकता बाजूला ठेवतात, म्हणजे घेणाऱ्याला हात घालावा लागत नाही. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आता कापलेल्या स्टारबद्दल. मला दोन वर्षं वाटत होतं की २५ सेंटवाली बाटली म्हणजे सगळ्यात इको. उलटं आहे! २५ सेंट ज्यावर असतात ती एकदाच वापरायची, परत दिली की चुरा होतो. जी खरंच धुऊन पुन्हा भरतात ती काचेची बिअरची बाटली, तिला ८ सेंट, पाण्याच्या पुनर्वापराच्या बाटलीला १५. (बिअरच्या क्रेटला स्वतःचे दीड युरो वेगळे, २० बाटल्यांसकट ३ युरो १० सेंट, नवऱ्याला पाठ आहे.) कायद्यात टार्गेट आहे की ७० टक्के पेयं पुन्हा भरायच्या बाटलीत यावीत, प्रत्यक्षात त्याच्या खूप खाली आहे, आणि स्वस्तातल्या चेनमध्ये पाण्याच्या रॅकसमोर उभं राहिलं की का ते कळतं, सगळं एकदाच वापरायचं प्लास्टिक. त्यांचाही त्यात तोटा नाही हो, स्वच्छ, एकाच जातीचं प्लास्टिक आयतं दारात येतं. लिडल ह्या स्वस्तातल्या सुपरमार्केट चेनच्या ग्रुपची तर स्वतःची रिसायकलिंग कंपनी आहे, प्रीझीरो, जुन्या बाटल्यांपासून नव्या बाटल्या करतात. आणि जी बाटली कुणी परतच केली नाही तिचे २५ सेंट सरकारकडे जात नाहीत, पेय बाजारात आणणाऱ्या कंपनीकडेच राहतात. माझे ते साडेचार युरो कुठे गेले असतील ते आता कळलं.

दुकानातल्या बाकीच्या हिरवेपणाला मी अडीच देईन. प्लास्टिकच्या कॅरीबॅग २०२२ पासून बंद, चांगलंय, कापडी पिशवी विसरलात तर पैसे मोजा. पण बायो म्हणजे सेंद्रिय काकडी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली आणि साधी काकडी उघडी, कारण काउंटरवर दोन्हीत गोंधळ नको! आता बऱ्याच ठिकाणी नुसतं स्टिकर लावतात, पण आमच्या दुकानात अजून गुंडाळलेलीच. आणि २०२० पासून एक ब्रेड घेतला तरी बिल द्यायचाच असा कायदा, बेकरीत संध्याकाळी चिठ्ठ्यांचा ढीग. उरलेलं अन्न स्वस्तात देणारं टू गुड टू गो हे ॲप मात्र वापरा, बेकरीची पिशवी घेतली तर दोन दिवस ब्रेडचा फोडणीचा कुस्करा नक्की.

आपल्याकडे हे जमेल का म्हणून ग्रुपवर दर वेळी वाद होतो. जमतंय की, तमिळनाडूत नीलगिरीला सरकारी दारूच्या दुकानात २०२२ पासून बाटलीमागे १० रुपये जादा घेतात आणि रिकामी आणून दिली की परत देतात. त्याला भिंतीतलं मशीन पण लागत नाही, काउंटरवरचा माणूस पुरतो.

वापरणाऱ्यांसाठी एवढंच, शनिवारी अकराला जाऊ नका, दोनपैकी एक मशीन तेव्हा हमखास भरलेलं असतं आणि भरलं की कुणीतरी येऊन मागचा डबा बदलेपर्यंत चिकट हातांनी उभं राहायचं. रविवारी दुकानच बंद. जॅमच्या नि वाईनच्या बाटल्या आणू नका, त्यांना फांड नाही, त्या रस्त्यावरच्या काच टाकायच्या डब्यात, तेही रविवारी नाही कारण आवाज होतो. आणि चिठ्ठी त्याच दिवशी वटवा. काल थंडीचं जॅकेट काढलं तर खिशात मागच्या वर्षीची निघाली, शाई पार उडालेली. काउंटरवरच्या बाईंनी उजेडाकडे धरून बराच वेळ बघितली, ११ बाटल्या, २ युरो ७५, दिले.