एकच विक्रेता धरायचा की विषय? ईबेवरच्या लिलावांसाठी अ‍ॅफिलिएट साइट काढण्याआधी

गणपतीत भाचा कुडाळहून आला तो लॅपटॉप घेऊनच. म्हणाला, "मावशी, ईबेवरचा एक चांगला विक्रेता धरायचा आणि त्याच्या लिलावांवरच साइट उभी करायची, असं चाललंय डोक्यात. तू दोन्ही करून बघितलंयस, तूच सांग." ओटीवर बसून त्याला जे सांगितलं तेच इथे लिहिते, कारण सावंतवाडीत हाच प्रश्न मला आणखी तिघांनी विचारलाय.

आधी पैशाचं गणित. ईबे म्हणजे इंटरनेटवरचा लिलावाचा आणि विक्रीचा बाजार. ईबे पार्टनर नेटवर्क ही त्याची अ‍ॅफिलिएट योजना, म्हणजे गिऱ्हाइकाला वाट दाखवून कमिशन घ्यायची सोय, २००८पासून चालू आहे. आपल्या पानावरच्या लिंकवरून कोणी ईबेवर गेलं आणि खरेदी केली, तर वस्तूच्या प्रकाराप्रमाणे साधारण १ ते ४ टक्के कमिशन मिळतं. लिलावाची अट थोडी वेगळी आहे. लिंकवर क्लिक केल्यापासून २४ तासांत बोली लागली पाहिजे आणि १० दिवसांच्या आत तो लिलाव त्या माणसाने जिंकला पाहिजे. ४० डॉलरला खेळायच्या पत्त्यांचा एक जोड गेला आणि दर ३ टक्के धरला, तर हातात १ डॉलर २० सेंट, म्हणजे शंभर रुपयांच्या आसपास. हे मनाशी धरूनच पुढचं वाचा.

दुसरी गोष्ट गिऱ्हाइकाची. ईबेने २००४मध्ये बाझी डॉट कॉम विकत घेऊन भारतात दुकान मांडलं होतं, ते ऑगस्ट २०१८मध्ये बंद झालं. आता आपल्याकडचे विक्रेते तिथून बाहेरदेशीच माल पाठवतात. तेव्हा कुठलीही साइट काढा, वाचणारा अमेरिकेत किंवा युरोपात बसलेला असणार आणि लिहायचं इंग्रजीत. मराठीत लिहून ईबेचं कमिशन मिळेल, ही आशा ठेवू नका.

माझी पहिली साइट एका विक्रेत्याची होती. इंग्लंडमधला जुने पत्ते विकणारा माणूस, माल अस्सल, वर्णन काटेकोर. एकच विक्रेता धरण्याचं सुख मी मनापासून सांगते. त्याचा माल हळूहळू आपल्या ओळखीचा होतो. त्याला पत्र लिहून फोटो वापरायची परवानगी मागता येते, जी पन्नास विक्रेत्यांकडून मागणं कुणालाच जमत नाही. त्याचे नेहमीचे बोली लावणारे संग्राहक असतात, ते आपल्याही पानावर परत परत येतात. आणि पहिल्या पंधरा दिवसांत साइट भरल्यासारखी दिसते, नवशिक्याला तेवढा हुरूप लागतो.

पण वेळेचं गणित बसत नाही. ईबेवरचा लिलाव १, ३, ५, ७ किंवा १० दिवसांचा असतो. नव्या साइटचं पान गूगलमध्ये सापडायला लागेपर्यंत कित्येकदा महिने जातात. माझं माहेर हर्णैचं. तिथे बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव लागतो, माशांनी भरलेली पाटी पुढे आली की बोली चढते आणि बघता बघता ती पाटी उचलली जाते. त्या पाटीचं वर्णन दुसऱ्या दिवशी कोण वाचणार? मी सहा महिने असल्या उचललेल्या पाट्यांवरच पानं लिहीत होते. लिलाव बहुतेक अमेरिकेतल्या रविवारी संध्याकाळी संपायचे. कॅलिफोर्नियात उन्हाळी वेळेने संध्याकाळचे सहा म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळचे साडेसहा. मी चहा ठेवायच्या आधी लिंका तपासायला बसायची, तोवर अर्ध्या मेलेल्या असायच्या. पावसाळ्यात लाइट गेली की तेही नाही.

नंतर तो विक्रेता दोन महिने सुट्टीवर गेला. दुकानात एक वस्तू नाही, माझ्या साइटवर विकण्यासारखं काही नाही. परत आला तो नाव बदलून. ईबेवर विक्रेत्याला आपलं नाव बदलता येतं. त्याच्या जुन्या नावाने लिहिलेली माझी पन्नासेक पानं मला हाताने दुरुस्त करावी लागली. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. दुकान त्याचं होतं, आणि मी माझं सगळं त्याच्या उंबऱ्यावर मांडलं होतं.

दुसरी साइट विषयावर काढली: गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, आणि जुने भारतीय पत्ते. इथे सावंतवाडीत कारागिरांच्या चितारआळीतून जाता-येता वर्षानुवर्षं पाहिलेला विषय. दशावतारी गंजिफाचे १२० पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा: राजा, प्रधान आणि एक ते दहा. लिलावात वारंवार "११९ पत्ते" असं लिहिलेलं दिसतं. बाहेरच्या माणसाला कोणता पत्ता हरवलाय ते कळत नाही. फोटोतले पत्ते रंगाप्रमाणे लावून हरवलेला कसा शोधायचा, हे मी एका पानावर सावकाश लिहिलं. प्रधान घोड्यावर कसा असतो, अंक मोजताना नजर कुठे चुकते, सगळं. तो लिलाव केव्हाच संपला, पान आजही वाचलं जातं, आणि त्याखाली चालू लिलावांची यादी आपोआप बदलत राहते. ईबेची ब्राउझ एपीआय, म्हणजे ईबेवरची माहिती दुसऱ्या साइटला आपोआप पुरवणारी सोय, त्याकरताच आहे. तिच्यात ठरावीक विक्रेत्यांचाच माल गाळून घेता येतो, म्हणजे आवडता विक्रेता विषयाच्या साइटवरही वेगळा दाखवता येतो.

विषयाच्या साइटला कष्ट जास्त आहेत, हे लपवत नाही. पहिल्या चार महिन्यांत माझ्या हाती काही आलं नाही. विषय तुमच्या जिव्हाळ्याचा नसेल तर तिसऱ्याच पानाला लिहिण्यासारखं काही उरत नाही.

एका विक्रेत्याच्याच वाटेने जायचं असेल तर काही गोष्टी सांभाळा. डोमेनमध्ये, म्हणजे साइटच्या नावात, ईबेचं नाव चालत नाही. विक्रेत्याचं नाव घालायचं तर त्याची लेखी संमती घ्या. गिऱ्हाइकांनी विक्रेत्याला दिलेल्या फीडबॅकची टक्केवारी मागच्या १२ महिन्यांची असते, ती पाहा. विकला गेलेला माल साध्या शोधात ९० दिवसच दिसतो, तेव्हा काय कितीला गेलं हे आठवड्याला वहीत उतरवत राहा. वर्षभराने ती नोंद दुसरीकडे सहजी सापडणार नाही, आणि खरा संग्राहक तिच्यासाठीच येतो. कमिशन मिळतं हे पानाच्या वरच्या भागातच लिहा. जानेवारी २०२३मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्यात. लिंक कमिशनची आहे हे गूगलला कळावं म्हणून तिला "स्पॉन्सर्ड" खूण लावा, गूगलने ती २०१९मध्ये आणली आहे.

भाच्याने मनात धरलेला विक्रेता आपल्याच भागातला होता. शिवराई, जुन्या समया, पितळी डबे. त्याला मी स्पष्ट नको म्हटलं. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची अशी वस्तू, नाणंसुद्धा, खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. अशा मालाची वाट दाखवून कमिशन घेणं मला पटत नाही, आणि आपला असा वारसा टपालाने बाहेर जाताना मला बघवत नाही. बाहेरदेशी विकायचंच असेल तर आजचे कारागीर रंगवतात ते नवे गंजिफे आहेत, लाकडी फळं आहेत.

तुमच्या ओळखीचा, वर्षभर सतत माल काढणारा विक्रेता असेल, त्याच्या घरी जाऊन वस्तू हातात घेता येत असेल आणि तुम्हाला दोन-तीन महिन्यांत काम शिकायचं असेल, तर एका विक्रेत्यापासून सुरुवात करा, पण डोमेन विषयाचं घ्या. तो थांबला तरी साइटचं नाव बदलावं लागणार नाही. विक्रेता फक्त पडद्यावरच भेटलेला असेल, तर त्याच्यावर साइट काढू नका. विषय घ्या आणि त्याला एक पान द्या.

भाच्याने लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवशी आम्ही चितारआळीत गेलो. एका दुकानात तो तासभर बसला आणि गंजिफाचा एक पत्ता कसा तयार होतो, त्याची पानभर टिपणं घेऊन आला. डोमेन अजून घेतलेलं नाही.