‘अर्थ नलस्कूल’: समुद्रप्रवाह दाखवणारी सेवा आणि तिच्या तळाशी राहून जाणारा प्रश्न

समुद्रप्रवाह शिकवण्याची आपल्याकडची रूढ पद्धत अशी, की उष्ण प्रवाह तांबड्या बाणाने आणि शीत प्रवाह निळ्या बाणाने दाखवायचे, नावे पाठ करून घ्यायची आणि धडा संपवायचा. भूगोलाचा शिक्षक म्हणून मीही अनेक वर्षे हेच केले. ‘अर्थ नलस्कूल’ हे संकेतस्थळ वर्गात वापरू लागलो, तेव्हा ते बाण किती अपुरे होते हे माझ्या लक्षात आले. कॅमेरॉन बेकारिओ या सॉफ्टवेअर अभियंत्याने 2013 मध्ये खुली केलेली ही सेवा विनामूल्य असून तिथे वारे आणि समुद्रप्रवाह फिरवता येणाऱ्या पृथ्वीगोलावर वाहत्या रेषांच्या रूपात दिसतात. कोपऱ्यातील ‘अर्थ’ या शब्दावर टिचकी मारली की मेनू उघडतो. त्यातील संज्ञा इंग्रजी संक्षेपात असल्यामुळे शिक्षकाने त्या आधी समजून घेतलेल्या बऱ्या.

वाऱ्यांच्या बाबतीत ही सेवा अप्रतिम आहे. जून महिन्यात हवेचा स्तर 850 हेक्टोपास्कल, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर ठेवला, की आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडून सोमालियापाशी उजवीकडे वळणारा आणि अरबी समुद्रावरून थेट आपल्या किनाऱ्याकडे येणारा झोत ठळकपणे दिसतो. आमच्या कोकणातल्या शाळेतील एका मुलीने पडद्यावर रत्नागिरीवर बोट ठेवले, ती रेषा उलट दिशेने मादागास्करच्या बाजूपर्यंत मागे नेली आणि विचारले, “सर, म्हणजे आपला पाऊस तिकडून निघतो?” पाठ्यपुस्तकातल्या ‘नैऋत्य मोसमी वारे’ या शब्दांनी हा प्रश्न माझ्या वर्गात कधीच उभा केला नव्हता.

मात्र मी ही सेवा मुख्यतः वापरतो ती अटलांटिक महासागरासाठी, आणि तिथे तिची मर्यादा नीट समजून घेतली पाहिजे. फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीतून निघून अमेरिकेच्या किनाऱ्याने उत्तरेकडे जाणारा गल्फ प्रवाह नकाशावर झळाळत्या, नागमोडी पट्ट्यासारखा दिसतो. त्यातून सुटणारे भोवरेसुद्धा एकेक करून मोजता येतात. हवामानबदलाच्या चर्चेत ज्या प्रवाहाच्या कडेलोटाची, म्हणजे ज्यापलीकडे तो सहजी न सावरता कोसळत जाईल अशा ‘टिपिंग पॉइंट’ची भीती व्यक्त होते, तो मात्र हा नव्हे. गल्फ प्रवाह मुख्यतः वाऱ्याच्या बळावर आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे वाहतो, त्यामुळे तो क्षीण झाला तरी थांबणार नाही. खरा प्रश्न आहे तो ‘एमॉक’चा, म्हणजे अटलांटिकमधील त्या उभ्या अभिसरणाचा, ज्यात उबदार खारे पाणी वरच्या थरातून उत्तरेकडे जाते, ग्रीनलंड आणि आइसलंडच्या आसपास थंड व जड होऊन खोल बुडते आणि तळाकडच्या थरांतून दक्षिणेकडे परतते. हा बुडण्याचा आणि परतण्याचा भाग या नकाशावर दिसत नाही, कारण तिथे प्रवाह फक्त पृष्ठभागाचे दाखवलेले आहेत. ‘गल्फ प्रवाह तर जोरात वाहतो आहे, मग चिंता कसली?’ असा निष्कर्ष तो नकाशा पाहून कोणी काढला, तर दोष पाहणाऱ्याच्या घाईचा असेल. पण तशी घाई होते, हे मी वर्गात पाहिले आहे.

समुद्राच्या तापमानाची सरासरीपासूनची तफावत दाखवणारा थर चालू केला की ग्रीनलंडच्या दक्षिणेला कधी कधी निळसर डाग दिसतो. सारा महासागर तापत असताना तेवढाच पट्टा दीर्घकाळात थंड होत गेला, याकडे बरेच संशोधक एमॉक मंदावल्याची खूण म्हणून पाहतात. पण त्यासाठी अनेक दशकांच्या नोंदी लागतात. एका दिवसाचा नकाशा पाहून तसे म्हणता येत नाही.

म्हणूनच या सेवेच्या जोडीला ‘रॅपिड’ प्रकल्पाची खुली आकडेवारी ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बहामा बेटांपासून मोरोक्कोच्या किनाऱ्यापर्यंत, 26.5 अंश उत्तर अक्षवृत्तावर, एप्रिल 2004 पासून समुद्रतळाला नांगरलेली उपकरणे तापमान, क्षारता आणि दाब मोजत आहेत. तिथे एमॉकचा सरासरी प्रवाह सुमारे 17 स्वेर्ड्रूप आहे, म्हणजे सेकंदाला 1 कोटी 70 लाख घनमीटर पाणी. 2009-10 मध्ये तो वर्षभरासाठी सुमारे 30 टक्क्यांनी घटला होता आणि नंतर सावरला. जहाजे जाऊन उपकरणे वर काढतात तेव्हाच बरीचशी माहिती हाती येते, त्यामुळे रॅपिडचे आलेख ताजे नसतात आणि दिसायलाही रुक्ष असतात. तरीही मुलांनी ते पाहावेत असे मला तळमळीने वाटते.

कारण कडेलोटाची कल्पना तिथेच उमजते. समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेल यांनी 1961 मध्ये पाण्याच्या दोन पेट्यांचे साधे गणित मांडून दाखवले होते, की त्याच बाह्य परिस्थितीत असे अभिसरण दोन वेगळ्या स्थिर अवस्थांत राहू शकते. वितळलेल्या बर्फाचे गोडे पाणी उत्तरेत वाढले की बुडणे मंदावते. ते मंदावले की दक्षिणेकडून येणारे मीठ घटते. आणि मीठ घटले की बुडणे आणखी मंदावते. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक मंडळाच्या 2021 च्या अहवालानुसार या शतकात एमॉक क्षीण होण्याची शक्यता फार मोठी आहे, पण 2100 पूर्वी तो एकाएकी कोसळणार नाही, असे हा अहवाल मध्यम खात्रीनेच सांगतो. त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या काही अभ्यासांनी धोका याहून जवळ असल्याचे मांडले आहे. एमॉक कोसळल्यास विषुववृत्ताजवळचा पर्जन्यपट्टा दक्षिणेकडे सरकेल आणि आपला मोसमी पाऊस दुबळा होईल, असे हवामानाची संगणकीय प्रारूपे दाखवतात. हिमयुगात उत्तर अटलांटिक गारठले, त्या त्या काळात मोसमी वारे मंदावल्याच्या खुणा अरबी समुद्राच्या गाळातही सापडल्या आहेत.

आता मी वर्गात एका खिडकीत नलस्कूलचा गोल आणि दुसरीत रॅपिडचा आलेख उघडतो आणि आधी आलेख वाचायला लावतो. शाळेत इंटरनेट मंद असेल तर गोल उघडायला वेळ लागतो, म्हणून तास सुरू होण्यापूर्वीच तो चालू करून ठेवावा.